भरावातली ऊब

सळई रस्त्याच्या भरावात चार फूट आत गेली तेव्हा सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं थांबायचं, मग ओढून काढायची आणि टोकाला हात लावायचा. ही काही पुस्तकातली चाचणी नव्हे. पण थर्मामीटर साइट ऑफिसच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली इंजिनिअर साहेबांच्या खिशात.

थंडी अशी की बोटं वळत नव्हती. खडीच्या ढिगांवर, रोलरच्या टपावर, उतारावरच्या गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. फक्त वळणापाशी, रस्त्याच्या कडेपासून थेट पायथ्यापर्यंत, भरावाचा वीस-पंचवीस पावलांचा पट्टा कोरडा ठणठणीत होता. "तुमच्या वळणावर दवसुद्धा पडायला घाबरतं," असं रखवालदार काल हसत म्हणाला होता. सुपरवायझरही हसला होता, आणि मग रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

त्याने सळई ओढली, टोक मुठीत धरलं आणि लगेच सोडून दिलं. तळहातावर लाल वळ उठला.

वर नवंकोरं डांबर, त्यावर कालच मारलेले पांढरे पट्टे, उद्या दहा वाजता रस्ता सुरू व्हायचा, आणि पोटात हे.

पाचव्यांदा लावल्यावर साहेबांनी फोन उचलला.

"साहेब, वळणावरचा भराव तापलाय. आतून."

"ऊन लागलं असेल."

"ऊन अजून यायचंय, साहेब."

"टायरच्या तुकड्यांचा थर किती जाड टाकला होतास तिथे?"

"वीस फूट."

"ड्रॉइंगमध्ये दहा आहे. दहा फुटांवर मातीचा थर, मग पुन्हा टायर."

"त्या आठवड्यात मातीच्या गाड्या आल्या नाहीत. तुम्हीच म्हणालात, काम थांबायला नको."

"काम थांबायला नको म्हणालो. माती टाकू नको, असं म्हणालो का?"

"मातीवाचून काय अडलंय," हे मजुरांना तो स्वतःच म्हणाला होता, आणि डंपरमागून डंपर रिकामे करून घेतले होते. जुन्या टायरांचे तळहाताएवढे तुकडे, कडांना तारांच्या मिशा फुटलेले. त्या तारा गंजता गंजता तापतात, जाड थरात ती ऊब कोंडून राहते, म्हणून तर मध्ये माती लागते. त्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. सगळं ठाऊक होतं, आणि त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

"उकरू या, साहेब. एक पोकलेन द्या, संध्याकाळपर्यंत मोकळं करतो. एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही ते, महिनोन् महिने आतल्या आत जळत राहतं. रस्ता खचेल. खाली घरं आहेत हो."

"उद्या रस्ता सुरू होतोय आणि तू आज उकरणार?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "थर तपासल्याच्या कागदावर सही कोणाची आहे, आठवतंय ना? मग झालं तर. घरी जा, आंघोळ कर, चहा घे."

घर लांब नव्हतं. भरावाच्या पायथ्याशी बैठ्या खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटून दुसरी त्याची. सगळ्या खिडक्या उताराकडे. धूर निघाला की आधी त्याच खिडक्यांत शिरणार. रांगेतल्या लोकांना सांगावं, तर पहिलाच प्रश्न येईल की हे केलं कोणी. सांगितलं तर आज बेड्या, नाही सांगितलं तर एक दिवस ही अख्खी रांग. सळई हातात घेऊन तो पायऱ्या उतरत होता आणि त्याला ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

खाली, कोरड्या पट्ट्यावर, तीन म्हाताऱ्या सतरंजी अंथरून बसल्या होत्या. तिघींच्या पाठी उताराला टेकलेल्या. मधली त्याची आई.

"आला बघा माझा इंजिनिअर," आई शेजारणींना म्हणाली. एरवी तो "सुपरवायझर" म्हणून तिला दुरुस्त करायचा. आज केलं नाही.

"तुझं भलं होवो, बाबा," शेजारची मावशी म्हणाली. "आयुष्यात इतके रस्ते बघितले, पण म्हाताऱ्यांची सोय बघणारा हा पहिलाच."

"आई, ऊठ. इथे बसू नकोस."

"का रे? जागा सरकारची म्हणून? उठवू देत त्यांना, मी बघते."

"ऊठ म्हणतो ना!"

तिघी दचकल्या. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ओरडतोस कशाला? आठ वर्षांनी माझी कंबर दुखायची थांबलीय. तेवढंही बघवत नाही का तुला?"

त्याने तोंड उघडलं. आत आग आहे, एवढेच तीन शब्द होते. तिन्ही म्हाताऱ्या मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. ते शब्द काही बाहेर पडले नाहीत.

आईचा राग तेवढ्यात निवळलाही. तिने त्याचा हात ओढला आणि तोच भाजलेला तळवा मातीवर दाबून धरला.

"बघ. पंधरा दिवसांपूर्वी नुसती कोमट लागायची. आता शाल काढून ठेवावी लागते. रोज थोडी थोडी वाढतेच आहे," ती म्हणाली. "थंडी संपेपर्यंत राहील ना रे?"

"राहील," तो म्हणाला.