रजईतली ऊब

रजई आजही गरम होती. उमाकांतने ती भिंतीतल्या लाकडी कपाटातून काढली आणि आईच्या अंगावर पसरली. जयपूरची जानेवारीतली संध्याकाळ हाडं गोठवत होती. सुलोचनाबाईंनी रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"कुणीतरी आत्ताच पांघरून उठल्यासारखी असते बघ," त्या म्हणाल्या. "कपाटात जादू आहे तुझ्या, उमा. साताऱ्याला नव्हती हो असली."

उमाकांत हसला. गेले आठ दिवस तो मोठ्या खुशीत होता. भाड्याच्या या जुन्या घरात त्याच्या मुलाचा, निनादचा, गेमिंग कॉम्प्युटर सुरू झाला की फ्यूज उडायचा. दोन ग्राफिक्स कार्डांचं ते धूड एकटंच इस्त्रीएवढी वीज ओढायचं, आणि घरातली वायर बल्ब-पंख्यापुरती. रोजचा अंधार, रोजची पोराची कटकट. शेवटी रविवारी उमाकांत स्टुलावर चढला आणि फ्यूजमधल्या केसाएवढ्या तारेच्या जागी चांगली जाड तार पिळून बसवली. "आता बघतोच कसा उडतो!"

हा माणूस विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचा. गेल्याच महिन्यात जयपूरजवळच्या बगरूला रजयांचं जळालेलं गोदाम पाहून आला होता. तिथला चौकीदार सांगत होता, "साहब, लपट तो बाद में उठी. रुई दिनभर अंदर ही अंदर सुलगती रही." उमाकांतने ते इमानदारीत लिहून घेतलं होतं. दुसऱ्याच्या घरचं सगळं आपल्याला कळतं.

कपाट लावायला तो वळला आणि त्याला वास आला.

त्याने उरलेल्या चादरी भराभर बाहेर ओढल्या. रजई रोज जिला टेकून असायची, त्या मागच्या फळीवर परातीएवढा काळा डाग पडला होता. त्याने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. या फळीमागूनच वायर निनादच्या खोलीत जात होती.

"निनाद! बंद कर ते आधी!"

"बाबा, दोन मिनिट! मतलब, लेव्हल संपतच आलीय..."

उमाकांत थांबला नाही. धावत व्हरांड्यात गेला आणि मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरचे पंखे घरघरत थांबले, आणि निनादने बोंब ठोकली.

टॉर्च घेऊन तो परत कपाटाशी आला. मिनिटभराने फळीला हात लावला, मग पुन्हा एकदा लावला. आता हात टिकत होता. फळी निवत होती. धूर नाही, ठिणगी नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. उद्या वायरमनला बोलवायचं, ती जाड तार फेकून द्यायची आणि यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

मागून, अंधारातून, आईचा पेंगुळलेला आवाज आला.

"दिवे गेले तर जाऊ देत रे, उमा. रजई आज निवतच नाहीये. उलट ऊब वाढतेच आहे."