अकरा म्हशींची जाहिरात

म्हैस घेताना सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धारा डोळ्यांदेखत काढून बघायच्या आणि मगच इसार द्यायचा, हे लिंबागणेशच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक. वत्सलाबाईंनी जाहिरात लिहिणाराही तसाच पारखायचा ठरवला.

"आत्ता येकदा लिहा, दिवस मावळताना येकदा. दोन्ही येळंला सारखंच उतरलं, तर काम तुमचं," त्यांनी सुग्रीवला सांगितलं.

सुग्रीव अंबाजोगाईचा. दुकानांच्या, शिकवण्यांच्या जाहिराती सुटं काम म्हणून लिहून द्यायचा. अशी परीक्षा त्याची कुणी घेतली नव्हती. तो हसला, पण संस्थेच्या ओसरीवर मांडी घालून बसला.

वत्सलाबाई गावच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. दुष्काळानं दूध इतकं आटलं की डेअरीची गाडी यायचीच बंद झाली. उरल्यासुरल्या दुधाचा बायका खवा करत. तो पुण्याच्या गिऱ्हाइकानं चढ्या भावानं घेतला, तरच चारा येणार होता आणि म्हशी दावणीला राहणार होत्या. सगळी भिस्त आता चार ओळींवर.

आदल्या दिवशी एकजण येऊन गेला होता. त्यानं झोकात लिहिलं, 'हिरव्यागार कुरणांतला अस्सल खवा.'

"कुरण कुठशीक हाय ते दावा की. आमीबी म्हशी घिऊन येतो," म्हणत बाईंनी त्याला वाटेला लावलं होतं.

सुग्रीवनं आधी खवा चाखला. मग म्हशी काय खातात, पाणी कुठलं, असं विचारत सगळे गोठे हिंडून आला. तासाभरानं त्यानं कागद वाचून दाखवला.

"आमच्या अकरा म्हशी. चाऱ्याला उसाचं वाढं, पाणी टँकरचं. आमची आंघोळ राहते, त्यांचं पिणं राहत नाही. त्या अजून आटल्या नाहीत, म्हणून हा खवा आहे."

ओसरीवर संस्थेच्या बायका ऐकत होत्या. त्यांतल्या छबुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वत्सलाबाईंना कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. हाच माणूस, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पण बोलल्याप्रमाणे संध्याकाळ व्हायची होती.

दुपारी जनावरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो गावात शिरला आणि थोड्या वेळानं निघून गेला. कुणाच्या दारात थांबला, हे विचारायला कुणी उठलं नाही.

दिवस मावळताना सुग्रीवनं दुसरा कागद लिहिला. सकाळपेक्षा काकणभर सरसच उतरला होता. तो वाचू लागला, "आमच्या अकरा म्हशी..."

"धा," छबुबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"इकली? कावून गं, छबू?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"वाढं सरलं, आक्का. किती दिस उपाशी बांधू तिला?"

वत्सलाबाईंना रागवायचं होतं. राग आलाच नाही, रडू आलं, आणि ते त्यांनी गिळलं. सुग्रीवनं 'अकरा' खोडलं आणि वर 'दहा' लिहायला पेन टेकवलं. त्यांनी त्याचा हात धरला.

"काम तुमचं. लई चांगलं लिव्हलंत. निस्ता आकडा घालू नका, तेवढी जागा कोरी सोडा," त्या म्हणाल्या. "ती आमी रोज भरत जाऊ."