गोजरबाईचा व्यायाम

"अंगण झाडलं, चाळीस मिनिटं," शिवकन्यानं पुटपुटत मोबाइलमध्ये टाकलं. "धुणं, पन्नास मिनिटं."

"कमी टाकू नको," बाजेवरून तिची सासू गोजरबाई म्हणाली. "देविदासला वाटंल, माय नुसती बसून राहिली."

गोजरबाई नुसती बसूनच होती. सकाळपासून दोनदा उठली, तीही चहासाठी. अंगात साखर वाढलेली, गुडघे धरलेले, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. पण कुरुंद्यासारख्या गावात साठीच्या बाईनं काम नसताना रस्त्यानं चालायचं म्हणजे दर घरी थांबून सांगायचं, कुठं निघाले ते. त्यावर शिवकन्याच्या नवऱ्यानं, देविदासनं, पुण्याहून तोडगा धाडला. हाताला बांधायचं घड्याळ. "घरातलं कामबी व्यायामात धरतात, माय," तो फोनवर म्हणाला होता. "झाडलोट, धुणं, अंगण, सगळं. शिवकन्या मोबाइलमध्ये टाकत जाईल. किती कॅलरी जळल्या, तेवढा आकडा मला रोज धाडा."

घड्याळ गोजरबाईच्या हातावर घटकाभरही टिकलं नाही. खालून हिरवा दिवा लुकलुकला आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "काढ आधी! रगत ओढून राहिलं हे!" दिवा नाडी मोजतो, रक्त पीत नाही, हे शिवकन्यानं तीनदा समजावलं. व्यर्थ. शेवटी वाट सासूनंच काढली. "तू घाल. काम तर तूच करती. आकडा माझ्या नावानं जाऊ दे. पोरगं तिथं जिवाला घोर लावून घेतंय."

शिवकन्यानं घातलं. नाही म्हणायलाही थोडं बळ लागतं, तेवढं तिच्यात उरलेलं नसायचं.

त्यात हळदीचे दिवस. शिजवलेली हळद गड्यांनी अंगणात ओतून द्यायची आणि पुढं ती पसरायची, पालटायची, सांजेला गोळा करून झाकायची, ते शिवकन्याकडं. त्याआधी म्हशीचं शेण, पाणी, भाकरी. मोबाइलमधल्या यादीत हळद पालटणं नव्हतंच. बागकाम होतं. त्याच्या शेजारी चित्रात हातमोजे घातलेली एक बाई फुलझाडाकडं बघून हसत होती. शिवकन्या रोज त्या हसऱ्या बाईच्या नावावर आपली हळद टाकायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. डोंगरकड्याला, माहेरी, चार दिवस. सण नको, साडी नको. माय भाकरी करील आणि आपण उन्हं अंगावर येईस्तोवर झोपून राहू, एवढंच. दोन वर्षं ती मागत होती. दर वेळी देविदासचं उत्तर तयार. "आत्ताच काहून? घरात तुला असं कोणतं काम पडून राहिलं, थकायला?" मग तिनं मागणं सोडून दिलं होतं.

आज तर कहर झाला. दुपारी आभाळ भरून आलं. शिवकन्यानं सगळी हळद एकटीनं ओढून ताडपत्रीखाली घातली. घंटाभरानं ऊन पडलं, तशी पुन्हा पसरली. संध्याकाळी आकडा आला एकोणीसशे. तिनं त्याचा फोटो धाडला आणि चुलीकडं वळली, तोच फोन वाजला. गोजरबाईला कमी ऐकू येतं, म्हणून तिनं आवाज मोठा करून मोबाइल बाजेवर ठेवला.

"माय," देविदास कळवळून म्हणाला. "एकोणीसशे? अगं, मी जिममधी घाम गाळून चारशे करतो. किती तकलीफ होत असंल तुला! घरात येवढं काम असतं, मला कधी कळलंच न्हाई गं."

शिवकन्या होती तिथंच उंबऱ्यावर बसली. नऊ वर्षं ती या शब्दांची वाट बघत होती. आज ते आले आणि सासूच्या नावानं आले. तिला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

"उद्यापासून काडीला हात लावू नको," देविदास सांगत होता. "सगळं शिवकन्याला करू दे. ती रिकामीच असती."

गोजरबाईनं सुनेकडं पाहिलं. हात कोपरापर्यंत पिवळे, डोकं चौकटीला टेकलेलं, डोळे मिटलेले. तुला तकलीफ होते का, असं गोजरबाईला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही ती दोनदाच उठली त्या दिवशी. तिला स्वतःची लाज वाटली.

"माय, ऐकून राहिली ना? चार दिवस कुठं तरी जाऊन ये. आराम कर. परभणीला मावशीकडं जाती का?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "डोंगरकड्याला."

देविदास हसला. "तिथं तर शिवकन्याचं माहेर हाय. तुझं काय काम तिथं?"

"मी कुठं चालले? तू रजा टाकून ये उद्या, हळद पालटायची हाय. जिच्या एकोणीसशे जळाल्या, ती चालली माहेरला."