वाटेत गळालेली खूण

संकटातल्या बायकांसाठी चालणाऱ्या फोनसेवेची इंटरनेटवरची जाहिरात बंद करायचा ठराव संस्थेच्या अध्यक्षांनी सहीसाठी पुढे ओढला. महिनाभरात जाहिरातीतून एकही बाई वेबसाइटवर आली नाही, असं आकडे सांगत होते. जाहिरात सांभाळणाऱ्या मुलीने सगळ्यांसमोर जाहिरातीवर क्लिक केलं. वेबसाइटचा जुना पत्ता उघडला, तिथून पान नव्या पत्त्यावर वळलं आणि जुन्या पत्त्याला जोडलेली ‘जाहिरातीतून आली’ ही खूण वाटेतच गळाली. ती म्हणाली, “पत्ता मीच बदलला, जाहिरातीत मात्र जुनाच राहिला. बायका येतायत, फक्त मोजल्या जात नाहीत.” “कशावरून?” अध्यक्षांनी विचारलं. कोपऱ्यात बसलेल्या, सेवेचे फोन घेणाऱ्या मावशी म्हणाल्या, “नंबर कुठे मिळाला, मी प्रत्येकीला विचारते. निम्म्या जणी जाहिरातच सांगतात.” “मग बोलला का नाहीत?” अध्यक्षांनी त्यांना विचारलं. “मला कोणी विचारलं?” अध्यक्षांनी ठराव फाडला. तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला. मावशींनी धावत जाऊन उचलला. “बोल बाळ, ऐकतेय.”