ॲशट्रेमधला दिवा

सिगारेट म्हणजे माझी सवतच. यांचा सकाळचा पहिला श्वास तिचा, माझ्या वाट्याला नुसता खोकला. डॉक्टरांनी काळवंडलेल्या फुप्फुसांचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे यांनी तिला सोडलं. हळूहळू खोकला थांबला, जिना चढताना दम लागेना.

"जिंकलीस बाई तू!" हे म्हणाले.

त्याच तोऱ्यात मी यांचा ॲशट्रे घासूनपुसून घेतला आणि देवापुढचा नेमाचा दिवा त्यात ठेवू लागले.

आज जप चालू असताना दिवा आपोआप विझला. वास तेलाचा नव्हता, तंबाखूचा होता. धुराची रेघ वर न जाता झोपायच्या खोलीत शिरली.

आतून हे झोपेतच म्हणाले, मला कधीच ऐकायला न मिळालेल्या लाडिक आवाजात, "आलो गं, आलो."