दुपट्याला आलेला वास

"सूनबाई, थंडीतली सायलेन्सरची वाफ इंजिन तापलं की विरते. विरली नाही, वास गोड आला, तर हेड गॅस्केट उडून कूलंट जळतंय, घाटात बंद पडाल आणि गोठाल," जन्मभर ट्रक चालवलेल्या सासऱ्यांनी बजावलं, तेव्हा बुरुलने हसण्यावारी नेलं. बाळ झाल्यावर मात्र तिने साध्या वाफेलाच घाबरून नवऱ्याला, मेदेरला, दोनदा अडवलं. आज अर्धा तास इंजिन तापूनही त्यांच्या निळ्या गाडीचा धूर पांढराच होता. थकलेल्या बुरुलने सायलेन्सरमागे बाळाचं दुपटं धरलं. "आता गाडीलाही लंगोट बांध!" म्हणत मेदेर बॉनेटवर उबेसाठी टाकलेला लोकरीचा नमदा ओढून काढून डोलोन घाटाकडे निघाला. तिसऱ्यांदा भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. बाळाने दुपट्यासाठी हात पसरले, तेव्हा तिने ते हुंगलं. गोड वास. घाटात फोन लागत नाही. त्या वाटेने गेलात, तर निळ्या गाडीची काच ठोठावा. तो झोपलेला वाटला, तरी ठोठावत राहा.