चेटकिणीचं कोपर

माझा नवरा कार्टून कंपनीत पात्रं रेखाटतो. जादूच्या राज्यावरच्या त्याच्या नव्या मालिकेचा आज पहिला भाग, म्हणून सगळं घर टीव्हीसमोर जमलं होतं. मी तर हौसेनं केस कापून आले होते. सासूबाईंनी कौतुक केलं, दिरानं चिडवलं, नवऱ्याच्या मात्र गावीही नव्हतं.

पडद्यावर परीराणी आली, उडता घोडा आला आणि मग गुहेत चेटकीण दिसली. हात भरलेले म्हणून तिनं कपाटाचं दार कोपरानं ढकललं. चष्मा कपाळावर चढवला आणि तोच गुहाभर शोधत बसली. ओरडायच्या आधी तोंडावरची बट फू करून उडवली.

"अय्या, ही तर आई!" लेक किंचाळली.

हसून हसून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दीर म्हणाला, "वहिनी, सही द्या की! आता तुम्ही स्टार!"

मीही हसले आणि रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. कपाटाचं दार उघडंच होतं. सवयीनं कोपर पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं.

नवरा मागोमाग आला. "रागावलीस का? अगं, आमच्या कामात माणसांकडे बारीक बघावंच लागतं."



"रागावले नाही रे," मी म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझ्याकडे बघतच नाहीस."